प्रस्तावना: कोळशाचा वायू आणि माणसाचे रक्त

विषांची सामान्य रीत अशी की, शरीरात शिरलेले विष कोठेतरी नासधूस करते आणि त्या नासधुशीची खूण मागे ठेवून जाते. तेजाबाने त्वचा जळते, सोमलाने आतडी सुजतात, कोकणातल्या फुरशाच्या दंशाने रक्ताची गोठण्याची शक्तीच हरपते. परंतु अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून, लाकडातून किंवा तेलातून उत्पन्न होणारा कार्बन मोनॉक्साइड नावाचा जो वायू आहे, त्याने गतप्राण झालेल्या मनुष्याच्या रक्ताची परीक्षा केली असता त्यातील तांबड्या पेशी जागच्या जागी, रक्तरंजक द्रव्य अभंग, आणि रंग तर निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताहूनही अधिक सतेज असा आढळतो. ज्या रक्ताअभावी माणूस मेला असे म्हणता येत नाही, आणि ज्या रक्ताच्या असण्याने तो वाचलाही नाही, अशा या रक्ताची कैफियत काय आहे, हे सामान्य मराठी वाचकास समजेल अशा रीतीने सांगावे, एवढाच या छोट्या ग्रंथाचा हेतू आहे. या विषाने रक्ताचा नाश होत नाही. रक्तात प्राणवायूसाठी राखलेली जागा तेवढी दुसऱ्याच्या ताब्यात जाते. ही एक गोष्ट मनात नीट ठसली म्हणजे या विषबाधेची लक्षणे, तिचा फसवेपणा, तिची चिकित्सा आणि तिचे उशिरा प्रकट होणारे परिणाम यांची संगती आपोआप लागत जाते, असे मला वाटते.

प्रथम या वायूविषयी थोडेसे. कार्बनाचा एक अणू आणि ऑक्सिजनाचा एक अणू मिळून त्याचा रेणू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि डोळ्यांना किंवा घशाला तो झोंबतही नाही. जळणाला भरपूर हवा मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हवा तोकडी पडली की हा त्याचा धाकटा भाऊ जन्मास येतो. तो जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो अशी एक समजूत आपल्याकडे आढळते, ती निराधार आहे. त्याची घनता हवेपेक्षा किंचित कमी, जवळजवळ हवेइतकीच असल्यामुळे तो खोलीभर सारखा मिसळून जातो, आणि खाली निजणारा व खाटेवर निजणारा या दोघांनाही तो समान भावाने गाठतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅस गळू लागला तर जो उग्र दर्प येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. तोच गॅस कोंदट जागी अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड निर्माण करू लागला तर नाकाला कसलीही वर्दी मिळत नाही.

हा वायू कोठे दूर देशी, कारखान्यात किंवा खाणीतच भेटतो असे कोणी समजू नये. बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर, जुन्या वाड्यांतून पाणी तापविण्याकरिता पेटविला जाणारा तांब्याचा बंब, दारे लावून चालू ठेवलेली मोटार, वीज गेल्यावर पडवीत आणून लावलेले जनरेटर, उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत उशापायथ्याशी ठेवलेली निखाऱ्यांची अंगीठी, ही सारी त्याची उगमस्थाने आहेत. त्यांतही एक स्थान असे आहे की ज्याचा उल्लेख करताना मन विशेष कळवळते. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या वारा लागू नये म्हणून घट्ट लावून घेण्याची, बाजेखाली शेगडी सरकवून तिला शेक देण्याची, आणि त्याच निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकून बाळाला धुरी देण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ज्या माउल्यांनी ही चाल जपली त्यांच्या मनात मायेखेरीज दुसरे काही नव्हते. परंतु निखारा धूर देईनासा झाला म्हणजे तो निर्धोक झाला, हा जो समज या चालीच्या मुळाशी आहे, तो वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. धगधगीत लाल, निर्धूर कोळशाच्या अंतर्भागातच हा वायू विपुल तयार होतो. आणि ज्याचा श्वास मोठ्या माणसाच्या दुपटीने जलद चालतो असे तान्हे मूल त्या खोलीत त्या वायूचे पहिले भक्ष्य असते.

आता रक्ताकडे वळू. प्रौढ माणसाच्या शंभर मिलिलिटर रक्तात साधारणतः 15 ग्रॅम हीमोग्लोबिन असते, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू धारण करू शकतो. म्हणजे शंभर मिलिलिटर रक्त पूर्ण भरले असता जवळजवळ 20 मिलिलिटर प्राणवायू घेऊन फुप्फुसातून निघते. याच्या तुलनेने रक्ताच्या पाण्यासारख्या भागात नुसता विरघळून जाणारा प्राणवायू अगदीच अल्प, शंभर मिलिलिटरांस 0.3 मिलिलिटर, इतकाच असतो. हीमोग्लोबिनाच्या प्रत्येक रेणूत चार घटक असतात, प्रत्येक घटकात हीम नावाची एक चकती, आणि प्रत्येक चकतीच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. या लोहावर प्राणवायूचा एक रेणू येऊन बसतो. हे चार घटक एकमेकांशी सहकार्याने वागतात. एकावर प्राणवायू बसला की उरलेल्यांची त्याला धरण्याची शक्ती वाढते, एकाने सोडला की इतरांचीही पकड सैल होते. केंब्रिज येथे मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या रेणूची रचना उलगडून दाखविली व त्याबद्दल 1962 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या सहकार्याचा परिणाम त्याच्या कितीतरी आधी शरीरशास्त्रज्ञांना ठाऊक झालेला होता. फुप्फुसात प्राणवायू घट्ट धरावा आणि भुकेलेल्या स्नायूंत व मेंदूत तो उदार हस्ते सोडून द्यावा, हे जे हीमोग्लोबिनाचे दुहेरी कसब, ते या सहकार्यामुळेच साध्य होते. घेणे आणि देणे या दोहोंपैकी देणे हे अधिक महत्त्वाचे आहे हे वाचकाने येथेच लक्षात ठेवावे, कारण पुढे सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरणार आहे.

या विषयाच्या शास्त्रीय इतिहासाचा आरंभ पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांच्या प्रयोगशाळेत झाला. 1846 च्या सुमारास त्यांनी एका कुत्र्याला हा वायू हुंगावयास लावले, आणि तो मेल्यावर त्याचे शरीर उघडून पाहिले. रक्त सर्वत्र लालभडक होते; धमन्यांत तर होतेच, पण जेथे ते काळपट दिसावयास हवे त्या शिरांतही, आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यात जसे तसेच उजव्या कप्प्यातही. ससे, पक्षी, बेडूक यांवरही तोच प्रयोग केला आणि तेच दृश्य पुन्हा दिसले. यावर बेर्नार यांनी केलेला पहिला तर्क स्वाभाविक होता. लाल रक्त म्हणजे प्राणवायूने भरलेले रक्त, आणि ज्याअर्थी शिरांतही ते लालच राहिले त्याअर्थी या विषामुळे प्राणवायू रक्तातून बाहेर पडत नसावा, असे त्यांनी अनुमान केले. एखादा सामान्य संशोधक येथेच थांबला असता. कारण अनुमान सुसंगत होते आणि डोळ्यांचा दाखला त्याच्या बाजूने होता. बेर्नार यांनी त्या शिरांतील रक्तातून हायड्रोजन वायू सोडला, जेणेकरून रक्तात असलेला प्राणवायू बाहेर हुसकला जावा, आणि बाहेर आलेल्या वायूची तपासणी केली. त्यात प्राणवायू नव्हताच.

आपलेच अनुमान आपल्याच प्रयोगाने पुसून टाकून ते पुढे गेले. प्राणवायू रक्तात नाही, मग तो गेला कोठे? त्यांनी निरोगी रक्त एका नळीत घेऊन त्याचा या वायूशी संयोग घडविला, आणि असे आढळले की जितका कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरला तितकाच प्राणवायू बाहेर आला. हे सर्व त्यांनी 1857 साली विषद्रव्यांवरील आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात प्रसिद्ध केले, आणि 1865 सालच्या प्रायोगिक वैद्यकावरील आपल्या सुविख्यात ग्रंथात हीच हकीगत, आपल्या चुकलेल्या तर्कासकट, शास्त्रीय विचारपद्धतीचा नमुना म्हणून पुन्हा सांगितली. विज्ञानाच्या वाङ्मयात इतका प्रांजळ कबुलीजबाब क्वचित वाचावयास मिळतो, आणि आपल्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्राच्या सूत्रांबरोबर ही हकीगतही शिकविली जावी अशी माझी फार इच्छा आहे.

याच सुमारास जर्मनीत फेलिक्स होप-सायलर हे स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला येऊन पोहोचले होते. रक्तरंजक द्रव्याला हीमोग्लोबिन हे नाव 1864 साली त्यांनीच दिले, आणि कास्टिक सोडा मिसळला असता साधे रक्त मळकट हिरवट-तपकिरी होते पण या वायूने भारलेले रक्त लालच राहते, ही सोपी कसोटी न्यायवैद्यकाच्या हाती त्यांनीच दिली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक्स यांनी रक्तातून गेलेल्या प्रकाशाचे पृथक्करण करून प्राणवायुयुक्त रक्ताचे दोन काळे पट्टे प्राणवायू काढून घेताच एकमेकांत मिसळून एक होतात असे दाखविले. कार्बन मोनॉक्साइडने युक्त रक्ताचे पट्टे मात्र तसे करूनही दोनच राहतात. संशयित मृत्यूंच्या तपासात या वर्णपटाने पुढे फार मोठी कामगिरी बजावली.

परंतु या विषयाचा खरा नायक म्हणून ज्यांचे नाव घ्यावयास हवे ते जॉन स्कॉट हॉल्डेन. 1895 साली त्यांनी हा वायू स्वतः हुंगून, ठराविक वेळाने बोटातून रक्ताचा थेंब काढून, त्यातील हीमोग्लोबिनाचा किती भाग वायूने व्यापला आहे हे मोजले, आणि निम्म्याच्या आसपास भाग व्यापला जाऊन आपल्याला धड उभेही राहता येईनासे झाले तोपर्यंत प्रयोग चालू ठेवला. त्यांच्या मोजणीतून आणि पुढे 1912 साली डग्लस व आपला तरुण मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधातून एक नियम सिद्ध झाला. या वायूचे हीमोग्लोबिनाविषयीचे आकर्षण प्राणवायूच्या सुमारे 200 ते 250 पट आहे, आणि रक्तात दोघांच्या वाट्याला येणारा भाग हा दोघांच्या हवेतील प्रमाणावर व या आकर्षणाच्या पटीवर अवलंबून असतो. हिशेब करून पाहावा. हवेत प्राणवायू शेकडा 21 असतो. त्याला 210 ने भागले असता शेकडा 0.1 येतात, म्हणजे हवेच्या हजार भागांत केवळ एक भाग हा वायू असला तर अशा हवेबरोबर पुरेसा वेळ घुसळलेल्या रक्तात दोघांची वाटणी समसमान होते. फुप्फुसाच्या आत प्राणवायूचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे जिवंत माणसात याहूनही थोडा वायू पुरतो.

आकर्षणाची ही पट कशातून उत्पन्न होते, हेही जाणण्यासारखे आहे. लोहावर जाऊन बसण्यात कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा मंद आहे. परंतु एकदा बसला की उठण्यात तो प्राणवायूपेक्षा हजारो पटींनी मंद आहे. धर्मशाळेत एक रात्र उतरून पहाटे पुढे जाणारा यात्रेकरू आणि उशिरा येऊन खोलीचा कब्जाच घेऊन बसणारा उतारू, यांच्यातला जो भेद तोच या दोन वायूंच्या वर्तनात आहे. विषबाधेला वेळ लागतो तो मात्र या मंदपणामुळे नव्हे, तर वायू श्वासागणिक थोडाथोडाच आत येतो म्हणून. विश्रांतीत असलेला माणूस मिनिटास पाच-सहा लिटर हवा आत घेतो. त्या हवेत हजारी एक भाग वायू असला तर मिनिटास पाच-सहा मिलिलिटर वायूच त्याच्या वाट्याला येतो, आणि पाच लिटर रक्तातील निम्मी जागा व्यापण्यास सुमारे 500 मिलिलिटर वायू लागत असल्याने दीड-दोन तास सहज निघून जातात. तोच माणूस कुदळ चालवीत असला, म्हणजे त्याचा श्वास तिप्पट-चौपट झालेला असला, तर अवधी त्या मानाने आखडतो. उंदीर किंवा पाखरू यांचा श्वास शरीराच्या मानाने फारच वेगवान असतो, म्हणून ते माणसाच्या कितीतरी आधी कोसळतात. याच हिशेबावरून हॉल्डेन यांनी खाणीत शिरणाऱ्या शोधपथकांनी लहान प्राणी बरोबर न्यावेत अशी शिफारस केली, आणि पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी ब्रिटिश कोळसाखाणींत पुढे 1986 पर्यंत पहारेकऱ्याचे काम करीत राहिला.

ही शिफारस केवळ प्रयोगशाळेतून आलेली नव्हती. 1896 च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउन येथील खाणीत स्फोट होऊन 57 खाणकामगार मृत्युमुखी पडले. स्फोटाने माणसे चिरडून आणि भाजून मरतात अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. हॉल्डेन यांनी मृतांची तपासणी केली तेव्हा त्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू स्फोटानंतर बोगद्यांतून पसरलेल्या या वायूने झाल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे स्फोटाच्या क्षणी ती माणसे जिवंत होती, चालती होती, आणि काय टाळावयाचे हे त्यांना ठाऊक असते तर त्यांतली काही घरी परतली असती. खाणीतील मृत्यूंवरील त्यांच्या त्या अहवालात आकडे पुष्कळ आहेत, पण त्या आकड्यांच्या मागची तळमळ ज्याला दिसत नाही त्याने तो अहवाल वाचलाच नाही असे मी म्हणेन.

आता या विषयाच्या मर्मस्थानी येऊ. रक्तातील निम्मे हीमोग्लोबिन निकामी झाले म्हणजे माणूस का कोसळावा, असा प्रश्न विचारला तर उत्तर उघड वाटते: प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती निम्मी झाली म्हणून. परंतु हे उत्तर पुरे नाही. आपल्या खेड्यापाड्यांतून अशा कितीतरी स्त्रिया आहेत की, वारंवारची बाळंतपणे, अपुरे अन्न आणि आतड्यांतील जंत यांमुळे त्यांचे हीमोग्लोबिन 15 चे 7 वर आलेले असते. त्या फिकट पडतात, त्यांना धाप लागते, तथापि त्या पाणी भरतात, शेतात निंदणी करतात, चूल पेटवितात. निम्म्या रक्तावर त्यांचा संसार चाललेला असतो, आणि ही गोष्ट आपल्या समाजाला लाज आणणारी आहे हे येथे नमूद केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. उलट, ज्या निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनाचा निम्मा भाग कार्बन मोनॉक्साइडने व्यापला आहे तो जिना चढावयास गेला तर तेथेच मूर्च्छित होऊन पडतो. दोघांच्याही रक्तात प्राणवायूचा साठा सारखाच. मग एवढे अंतर का?

याचे उत्तर हॉल्डेन पितापुत्रांनी शोधले आणि रफ्टन व डार्लिंग यांनी 1944 साली ते अधिक काटेकोरपणे मांडले. हीमोग्लोबिनाचे चार घटक सहकार्याने वागतात असे वर सांगितले. त्यांपैकी दोन जागांवर हा न उठणारा वायू बसला, की उरलेल्या दोन जागांना आपण भरलेल्याच अवस्थेत आहो असे वाटते, आणि त्या जागांवर असलेला प्राणवायू त्या सोडीनाशा होतात. निरोगी रक्त ऊतकांतून जाताना शंभर मिलिलिटरांमागे साधारण पाच मिलिलिटर प्राणवायू देऊन परत येते. रक्तक्षयाच्या रोग्याला हे पाच मिलिलिटर वसूल करण्यासाठी ऊतकांतील प्राणवायूचा दाब सुमारे 27 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरू द्यावा लागतो, आणि तेवढ्यावर मेंदूचा निभाव लागतो. पण निम्मी जागा कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या रक्तातून तेच पाच मिलिलिटर मिळवावयाचे तर दाब जवळजवळ 13 मिलिमीटरपर्यंत घसरावा लागतो. हृदय आणि मेंदू यांना इतक्या हलाखीत काम करणे शक्य नसते. एकूण हानी दुहेरी आहे: निम्मा प्राणवायू रक्तात चढतच नाही, आणि जो चढतो तो उतरत नाही. मेंदूच्या पेशींभोवती प्राणवायूने लादलेले रक्त वाहत असताना त्या पेशी प्राणवायूवाचून तडफडतात.

तडफडतात असे म्हटले खरे, पण त्या तडफडीची जाणीव माणसाला होत नाही, आणि या विषाचा क्रूरपणा येथेच आहे. मानेतील मोठ्या धमनीजवळ जी लहानशी ग्रंथी रक्तातील प्राणवायूची वार्ता श्वसनकेंद्राला पोहोचविते, ती रक्तात विरघळलेल्या प्राणवायूचा दाब तपासते, हीमोग्लोबिनावर किती लादला आहे त्याची दखल ती घेत नाही. विरघळलेला भाग या विषबाधेत शाबूत असतो. तेव्हा ग्रंथी स्वस्थ राहते, धाप लागत नाही, गुदमरल्याची भावना होत नाही. डोके दुखते, मळमळते, पाय जड होतात, विचारांचा धागा सुटू लागतो. हवापालट किंवा अपचन म्हणून माणूस ते सोडून देतो, आणि थोडे पडू म्हणून त्याच खोलीत आडवा होतो. कादंबरीकार एमिल झोला 1902 च्या सप्टेंबरात पॅरिसच्या आपल्या घरी धुराडे तुंबलेल्या शेगडीने असेच गेले. 1944 च्या मार्चमध्ये दक्षिण इटलीत बाल्व्हानोजवळच्या बोगद्यात हलक्या प्रतीच्या कोळशावर चालणारी एक मालगाडी चढावर अडकून पडली, तेव्हा तिच्यातून लपूनछपून प्रवास करणारी पाचशेहून अधिक माणसे रात्रीत मेली. त्यांतील कित्येक निजल्या जागी होती तशीच सापडली.

बेर्नार यांच्या डोळ्यांना ज्या लालीने फसविले तिनेच आजच्या रुग्णालयातील यंत्रालाही फसवावे, हा योगायोग मुळीच नव्हे. बोटाला चिमट्यासारखे लावून प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे जे पल्स ऑक्सिमीटर कोविडच्या साथीत घरोघर पोहोचले, ते दोन रंगांच्या प्रकाशावर चालते. आणि त्यातील तांबड्या प्रकाशात कार्बन मोनॉक्साइडयुक्त रक्त व प्राणवायुयुक्त रक्त जवळजवळ सारखेच भासते. मरणाच्या दारात असलेल्या रोग्याच्या बोटावर हे यंत्र शेकडा 98 असा समाधानकारक आकडा दाखवू शकते. याकरिता अनेक तरंगलांबींवर रक्ताची तपासणी करणारे वेगळे यंत्र लागते, आणि ते यंत्र वापरण्याची बुद्धी होण्यासाठी मुळात वैद्याला संशय यावा लागतो. म्हणून एकाच घरातील दोघातिघांना एकदमच डोकेदुखी व मळमळ झाली, अंघोळीला गेलेली मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध सापडली, बाहेर मोकळ्या हवेत आणताच रोग्याला हुशारी आली, अशी हकीगत जे नातेवाईक नीट सांगतील ते रोग्यावर यंत्राहून मोठे उपकार करतील. त्वचेचा चेरीसारखा लाल रंग हा या विषबाधेचा प्रसिद्ध दाखला आहे खरा, परंतु तो बहुधा प्रेतावर दिसतो. जिवंत रोग्यात त्याची वाट पाहत बसणे घातक आहे.

चिकित्सेचे तत्त्व वरील नियमातूनच निघते. लोह आणि हा वायू यांचे बंधन चिवट असले तरी अतूट नाही, आणि दोघांच्या स्पर्धेत प्राणवायूचे पारडे जड करणे आपल्या हाती आहे. साध्या हवेत ठेवलेल्या रोग्याच्या रक्तातील वायू निम्मा होण्यास चार ते सहा तास लागतात. घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर हा अवधी तास-दीड तासावर येतो. आणि वातावरणाच्या अडीच-तीन पट दाबाच्या कोठडीत प्राणवायू दिला तर वीस-तीस मिनिटांवर. या दाबाच्या कोठडीमागची कल्पनाही हॉल्डेन यांचीच. 1895 साली त्यांनी दुप्पट वातावरणदाबाच्या शुद्ध प्राणवायूत उंदीर ठेवून त्या हवेत भरपूर कार्बन मोनॉक्साइड मिसळला. उंदराचे हीमोग्लोबिन सर्वस्वी व्यापले जाऊन निरुपयोगी झाले, तरी उंदीर जगला, कारण एरवी नगण्य असणारा विरघळलेला प्राणवायू दाबाखाली इतका वाढला होता की हीमोग्लोबिनावाचूनही ऊतकांची गरज भागली. तीन वातावरणांच्या दाबाखाली शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे सहा मिलिलिटर प्राणवायू नुसता विरघळतो, आणि गरज पाचाची असते. अशा कोठड्या आपल्या देशात मोजक्याच मोठ्या शहरांतून आहेत, आणि कोणत्या रोग्याला त्यांचा निश्चित फायदा होतो याविषयी तज्ज्ञांत अद्यापि मतभेद आहेत. परंतु शुद्ध प्राणवायू, तो देखील विनाविलंब, याविषयी दुमत नाही, आणि तो तालुक्याच्या दवाखान्यातही असतो. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत मात्र उपचार अधिक काळ चालू ठेवावा लागतो, कारण गर्भाच्या रक्तात हा वायू सावकाश चढतो, आईहून अधिक साठतो आणि सावकाश उतरतो.

एवढ्यावर हा विषय संपता तर रक्ताचा आकडा शुद्ध झाला की रोगी बरा झाला असे म्हणता आले असते. तसे होत नाही. ज्या जे. बी. एस. हॉल्डेन यांनी पुढे 1957 साली भारतात येऊन नंतर येथील नागरिकत्व पत्करले आणि 1964 साली भुवनेश्वर येथे देह ठेवला, त्यांनीच 1927 साली दाखविले की ज्या कीटकांत रक्ताकडे प्राणवायू वाहण्याचे काम नाही त्यांनाही, किंबहुना कोवळ्या रोपांनाही, हा वायू पुरेशा प्रमाणात बाधतो. पेशींच्या अंतर्भागात प्राणवायूचा विनियोग करणारी जी लोहयुक्त द्रव्ये आहेत, हृदयाच्या स्नायूत प्राणवायू साठविणारे जे मायोग्लोबिन आहे, त्यांवरही तो जाऊन बसतो. आपल्या शरीरात जुन्या तांबड्या पेशींतील हीमच्या विघटनातून हा वायू स्वाभाविकपणेच अल्पांशाने तयार होत असतो, हे स्वीडनच्या स्योस्ट्रांड यांनी 1949 च्या सुमारास दाखविल्यापासून तर तो शरीराला सर्वस्वी परका आहे असेही म्हणवत नाही. रक्त स्वच्छ झाल्यावर, रोगी चालतबोलत घरी गेल्यावर, कधी काही दिवसांनी तर कधी काही आठवड्यांनी, त्याची स्मृती ढासळू लागते, चाल अडखळते, स्वभाव बदलतो. मेंदूच्या खोल भागांत जी इजा झालेली असते तिचा हा उशिरा आलेला हिशेब असतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत वाटेत मिळालेल्या प्राणवायूने रक्तातील आकडा उतरलेला असतो, आणि म्हणून तो आकडा मूळ विषाची मात्रा सांगत नाही. रोगी किती वेळ त्या खोलीत होता आणि किती वेळ बेशुद्ध होता, ही माहिती त्याहून अधिक मोलाची ठरते. असा रोगी घरी आल्यानंतर निदान महिना-दीड महिना घरच्यांनी त्याच्या बोलण्याचालण्याकडे लक्ष ठेवावे, आणि त्यात थोडाही फरक दिसला तर त्या रात्रीची शेगडीची किंवा गीझरची हकीगत नव्या डॉक्टरलाही अवश्य सांगावी.